बिनतक्रार आवाज

१

ज्या समाजाला आपल्या कर्तृत्ववान स्त्रियांचा विसर पडतो, त्या समाजाचा इतिहासालाही विसर पडतो. हे वाक्य रेडिओ केंद्राच्या संचालकांनी स्वतः रचलं होतं आणि नव्या स्मृतिदालनाच्या दारावर काळ्या दगडात कोरून घेतलं होतं. दालन एका कर्तृत्ववान स्त्रीचंच होतं. तिचं नाव तेवढं कोरायचं राहिलं होतं, कारण वाक्याखाली संचालकांचं नाव आणि पूर्ण हुद्दा आल्यावर दगडच संपला.

आत तिचा पुतळा होता. ती आयुष्यभर छतावरून लोंबणाऱ्या चिमुकल्या मायक्रोफोनसमोर बसून बातम्या वाचत आली, पण पुतळ्यात ती उभी होती आणि तिच्या हातात दुधाच्या किटलीएवढा मायक्रोफोन होता. चेहरा शिल्पकाराच्या सासूवर गेला होता. भिंतींवर तिचे फोटो होते, त्यांतले निम्मे मान्यवरांचे. आणि मधोमध, मखमलीच्या गादीवर, काचेच्या पेटीत, तिची खरीखुरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती : तिच्या पहिल्या बातमीपत्राची टेप. सोमवारी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. शुक्रवारी सकाळी पेटी जागेवर होती, गादी जागेवर होती, टेप नव्हती.

रेडिओवर बातम्या वाचणारी ती पहिली बाई. सरकारने तिला मरणोत्तर 'स्वरमाता' केलं होतं. केंद्रातली जुनी माणसं मात्र तिला थोरली म्हणत, कारण तिच्या मागोमाग आलेलीला धाकटी म्हणत. टेपवरचं तिचं ते वाक्य देशात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. "नमस्कार. आजपासून बातम्या मी सांगणार आहे." त्यातल्या 'मी'वर ती किंचित थांबते. त्या थांबण्यावर मुलींनी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली, मोर्च्यांनी फलक रंगवले, एका बँकेने "आजपासून हप्ते मी भरणार आहे" अशी जाहिरात केली. वाक्य कपांवर आलं, पिशव्यांवर आलं, फोनच्या घंटीत आलं.

चौकशीला मुख्य कार्यालयातून जी बाई आली तिला तिच्या माघारी सगळे कात्री म्हणत. प्रवासभत्त्यांची खोटी बिलं कापण्यात तिची हयात गेली होती. न गेलेल्या गावाचं भाडं लावणारा माणूस ती दारातून आत येतानाच ओळखायची. टेप चोरीला गेल्याचं ऐकून ती स्वतःहून म्हणाली होती, मी जाते. असं ती कधी म्हणत नसे.

त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हिशेबाची परीक्षा द्यायची म्हटल्यावर वडील हसले होते, तेव्हा दाराशी उभी राहून ती त्यांना म्हणाली होती, आजपासून या घरचा हिशेब मी तपासणार आहे. वाक्य उसनं होतं, पण त्यावर तिचं आयुष्य उभं राहिलं होतं.

दालनाच्या पायरीवर थोरलीची लेक बसली होती. आई गेली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते. कात्रीला पाहून ती उठली नाही.

"तुम्हाला चोर सापडला तर तो तुम्ही ठेवून घ्या," ती म्हणाली. "मला टेप द्या. माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही."

कात्रीने विचारलं, वाक्याच्या प्रती तर जगभर आहेत, मग मूळ टेपसाठी एवढं काय? लेकीने सांगितलं की मंगळवारी टेप एका मोठ्या ध्वनिप्रयोगशाळेत जायची होती. ते लोक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत धुऊन काढतात. खरखर जाते, मागचा पंखा जातो. उरतो तो आवाज आणि आवाजामागचा श्वास.

"मला तिचा श्वास ऐकायचा होता," लेक म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

२

संचालक तासभर बोलले. त्यातलं चौकशीच्या कामाचं असं तीन वाक्यांत मावलं असतं. पेटीची किल्ली त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते. ती तिथे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ती तिथेच होती, आत्ताही आहे. बाकीचा वेळ ते स्वतःच्या दुःखाबद्दल बोलले, आणि दारात उभ्या असलेल्या वार्ताहरांपैकी कुणाला आधी आत घ्यावं याबद्दल.

कात्रीने मनात नोंद घेतली की ह्या गृहस्थाला चोरीचा फायदा झालाय. काल दालनाला कुत्रं विचारत नव्हतं, आज फाटकाशी कॅमेऱ्यांची रांग आहे. पण मग तिला वाटलं, ह्या माणसाने स्वतः टेप चोरली असती तर त्याने आधी चोरीचं उद्घाटन ठेवलं असतं.

उठता उठता तिने विचारलं, शेवटची टेप कुणी ऐकली होती?

ती ऐकायची कशाला, संचालक म्हणाले, पाठच आहे की. आणि त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, 'मी'वर दुप्पट थांबून.

संग्रहपाल हा दुसरा माणूस. तळघरातल्या टेपांच्या राशीत त्याची नोकरी गेली होती आणि येत्या काही महिन्यांत उरलेलीही जायची होती. टेप तळघरातून दालनात नेली तेव्हा तो भांडला होता. तिला उजेड सोसत नाही, उष्णता सोसत नाही, मंत्री तर अजिबात सोसणार नाही, असं त्याने लेखी दिलं होतं. म्हणजे त्याच्याकडेही कारण होतं. कात्रीने तसं तोंडावर म्हटल्यावर तो दुखावला नाही. उलट चहा मागवला.

"मी चोरली असती तर जागेवर दुसरी ठेवली असती," तो म्हणाला. "सगळ्या सारख्याच दिसतात. सोमवारी मंत्र्यांनी कुस्तीचं समालोचन उद्घाटित केलं असतं आणि टाळ्याही पडल्या असत्या."

हे मात्र खरं होतं. चोराने मागे रिकामी गादी ठेवली होती. म्हणजे त्याला तेवढंही सुचलं नव्हतं, किंवा घाई होती, किंवा तो चोरच नव्हता.

"टेप ऐकायची झाली तर कशावर ऐकतात?" कात्रीने विचारलं.

चालू असं एकच मशीन उरलंय, तो म्हणाला, जुन्या स्टुडिओत. चला दाखवतो. आणि स्टुडिओचं जाड दार ढकलून आत गेल्यावर तो मशीनसमोर थबकला. त्याचा चहाचा कप अर्ध्यातच राहिला.

"हे कोणी केलं?" तो म्हणाला.

३

मशीन म्हणजे चुलीएवढी एक पेटी, वर दोन खुंट्या. संग्रहपालाने समजावून सांगितलं. भरलेलं चाक डाव्या खुंटीवर लावायचं, रिकामं उजव्या. टेप डावीकडून उजवीकडे वाहते. पुरती वाजून झाली की डावं रिकामं होतं आणि उजवं भरतं. मग उलटी गुंडाळायची, की रिकामं चाक पुन्हा उजवीकडे. तो स्वतः रिकामं चाक उजवीकडेच ठेवून जायचा.

आता ते डावीकडे होतं.

"म्हणजे चोराने टेप इथे आणली, लावली आणि शेवटपर्यंत वाजवली," कात्री हळूहळू म्हणाली. "आणि उलटी न गुंडाळता भरलेलं चाक घेऊन गेला. वाक्य केवढं आहे?"

घोटभर पाणी प्यायला वेळ लागतो तेवढं, तो म्हणाला.

"आणि टेप?"

अख्ख्या बातमीपत्राची. पण वाक्यानंतर ती कोरी आहे. पुढचं बातमीपत्र काळाच्या ओघात पुसलं गेलं असावं, असं जुने लोक सांगत आले. आम्ही प्रत काढताना वाक्य झालं की थांबवतो.

"तुम्ही ती पुढे ऐकली आहे कधी?"

कोरी टेप कोण ऐकत बसतं, संग्रहपाल म्हणाला.

कात्रीलाही तोच प्रश्न पडला होता. टेप लपवायची असेल तर माणूस ती पिशवीत घालतो. विकायची असेल तर वाक्य तपासतो आणि पिशवीत घालतो. कोरी टेप शेवटपर्यंत ऐकत बसणारा माणूस पिशवीवाला नव्हे. खुर्चीपुढच्या टेबलावरच्या धुळीत दोन कोपरांच्या खुणा होत्या. कुणीतरी डोकं हातात धरून बसलं होतं.

तळघरात परतल्यावर तिने थोरलीच्या आणखी टेपा मागितल्या, आवाज ताडून पाहायला. संग्रहपाल खजील झाला. नाहीत, तो म्हणाला. एकही नाही. बारा-तेरा वर्षं ती रोज वाचत होती, तरी नाही.

त्याचं कारण ऐकताना कात्रीला आपल्या कार्यालयाची आठवण झाली. त्या काळी टेप महाग आणि दुर्मीळ. प्रत्येक बातमीपत्र टेपवर घेतलं जायचं ते फक्त तक्रारीच्या भीतीने. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाची तक्रार आली नाही तर टेप पुसून पुन्हा वापरायची. तक्रार आली तर जपून ठेवायची, कायमची. त्यामुळे संग्रहात काय आहे? एका निवेदकाने पंतप्रधानांना दिवंगत केलं होतं, तो आहे. एकाला बातम्यांत शिंका आल्या, तो आहे. एकजण पिऊन आला होता, त्याचं तर कपाटच वेगळं आहे.

"आणि थोरली कधी चुकली नाही," कात्री म्हणाली.

"कधीच नाही. म्हणून ती कुठेच नाही."

मग कात्रीच्या मनात एक काटा सलला. खोटं बिल हातात आलं की सलायचा तसाच.

पहिल्या दिवशी नेमकं काय झालं होतं, तिने विचारलं. पाठ्यपुस्तकात लिहिलंय की तिने आव्हान स्वीकारलं. प्रत्यक्षात काय?

कवळी, संग्रहपाल म्हणाला. मुख्य निवेदकाची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. दातांशिवाय त्यांना 'सरकार' म्हणता येईना. थोरली टंकलेखिका होती, बातमीपत्र तिनेच टाइप केलेलं, तेव्हा साहेब म्हणाले, आजचा दिवस तू वाच, उद्या दात येतील. दात यायला दोन आठवडे लागले. तोवर लोकांची पत्रं यायला लागली की हीच बाई ठेवा.

"आजचा दिवस," कात्री म्हणाली.

"हो, आजचा दिवस."

तिने डोळे मिटले. जे वाक्य ती दाराशी उभी राहून वडिलांना म्हणाली होती, ते तिच्या कानात पुन्हा वाजलं आणि पहिल्यांदाच तिने ते बिलासारखं तपासलं. एका संध्याकाळपुरती बसवलेली टंकलेखिका "आजपासून" कशी म्हणेल? ते फक्त अशा माणसाला सुचेल, ज्याला पुढचं सगळं आधीच माहीत आहे. आणि ज्या दिवशी कुणाची तक्रार नव्हती, त्या दिवसाची टेप उरलीच कशी? इतिहास घडतोय हे त्या संध्याकाळी कुणाच्या गावीही नव्हतं. सगळे कवळी शोधत होते.

टेप मूळ नव्हती. ती कधी नव्हतीच.

४

धाकटी आता सत्तरीची होती आणि केंद्रामागच्या गल्लीत एकटी राहत होती. थोरली गेल्यावर तिने तिच्या जागी पंचवीस वर्षं बातम्या वाचल्या आणि निवृत्तीनंतर थोरलीवर व्याख्यानं दिली. केंद्रात तिला अजूनही कुणी अडवत नसे. स्मारकासाठी मंत्र्यांचे उंबरे झिजवले ते तिने आणि लेकीने मिळून. लेक तिला मावशी म्हणायची. आई गेल्यावर वेण्या घातल्या त्या हिनेच.

दार उघडताच ती म्हणाली, "या साहेबीणबाई. संशयितांत मी कितवी?"

तिसरी, कात्री म्हणाली.

"शेवटचीच की. म्हणजे मीच असणार."

चेष्टेत म्हणाली, आणि खुर्ची पुढे सरकवली. मग तिने कात्रीला हसवायला सुरुवात केली. केंद्रातली एकेक असामी तिने उभी केली. संचालक गहिवरताना कसे घड्याळ बघतात ते केलं. संग्रहपालाचं तळघरातून आल्यासारखं बोलणं केलं. कवळीवाल्या निवेदकाचा कवळीसकट आणि कवळीविना असा दोन्ही आवाज काढला. पिऊन आलेल्याचं बातमीपत्र तर असं वाचलं की कात्रीला डोळे पुसावे लागले. जिवंत, मेलेले, कुणीही असो, बाईने तोंड उघडलं की तो माणूस खोलीत येऊन बसत होता.

हसता हसता कात्रीच्या लक्षात आलं, एक माणूस अजून आला नव्हता. भिंतीवर जिचा फोटो होता, जिच्यावर ही बाई गावोगाव बोलली, जिच्या शेजारच्या खुर्चीत ही वर्षानुवर्षं बसली, तीच.

"आता थोरली करून दाखवा," कात्री म्हणाली.

धाकटीचे हात मांडीवर आले. खालच्या गल्लीत कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं, ती गाडी मागे गेली.

"तो आवाज मी एकदाच काढला," ती म्हणाली.

५

तिने सांगितलं ते सरळ सांगितलं. इतक्या वर्षांत मनात इतक्यांदा घोळलं होतं की त्याला आता कोपरे उरले नव्हते.

थोरली संध्याकाळचं बातमीपत्र वाचून घरी गेली, ताटावर बसली आणि तिथेच कलंडली. हृदय. सकाळी केंद्रात रडारड झाली आणि अकराच्या सुमारास त्या वेळच्या साहेबांनी फर्मान काढलं : संध्याकाळी श्रद्धांजली, आणि तीत तिचा आवाज हवा, पहिल्या दिवसाचा. तो तर कुठेच नाही, असं तंत्रज्ञाने सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, केंद्राच्या पहिल्या निवेदिकेचा आवाज केंद्राकडे नाही हे मी वर कुठल्या तोंडाने सांगू? शोधा. शोधा म्हणजे काय, ते तंत्रज्ञाला आणि धाकटीला दोघांनाही कळलं.

वाक्य धाकटीनेच लिहिलं. थोरलीने असं काहीतरी म्हणायला हवं होतं, असं तिला नेहमी वाटायचं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी थोरली काय म्हणाली हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. बहुधा नुसती तारीख.

"पण 'मी'वर थांबलात ते?" कात्रीने विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं.

"थांबले कुठली. हुंदका आला होता. तो गिळला."

देशभरातल्या मुली ज्या थांबण्याला निर्धार समजून घोकत आल्या, तो हा होता.

तंत्रज्ञाने टेप मागितली. पुसायच्या टेपांचा ढीग कोपऱ्यात असायचा. वरचीच दे, तो म्हणाला. धाकटीने वरची दिली. तिने वाक्य म्हटलं, मग पुढचं जुनं काही ऐकू येऊ नये म्हणून त्याने मायक्रोफोन बंद करून मशीन तसंच फिरत ठेवलं. तसंच पुसायचे. थोडं उरलं असताना साहेबांनी हाक मारली म्हणून त्याने मशीन थांबवलं. संध्याकाळी वाक्य वाजलं, घरोघरी बायका रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रांची पोती यायला लागली.

काही महिन्यांनी, दुपारच्या रिकाम्या वेळात, तिने ती टेप एकटीने लावली. वाक्य झालं. उठून बंद करायचं भान राहिलं नाही, कोरी टेप फिरत राहिली, आणि अगदी शेवटी एक आवाज आला.

"ढिगावर सगळ्यात वरची टेप कुठली असणार, साहेबीणबाई?" धाकटी म्हणाली. "आदल्या संध्याकाळचीच. तिचं शेवटचं बातमीपत्र. तेवढं एकच उरलं होतं जगात. आणि मी ते हातात घेऊन दिलं, पुसायला. तिचा आवाज काढायला मी तिचा आवाज पुसला."

तंत्रज्ञाला तिने सांगितलं नाही. त्याला दोन मुलं होती आणि झोप कमी होती. तो गेला तेव्हा एकटी ती उरली, आणि टेपेचं शेपूट. कुणी तिथवर ऐकत नाही, या भरवशावर इतकी वर्षं गेली. मग प्रयोगशाळेचं ठरलं. ते लोक शेवटपर्यंत ऐकतात. आणि खरखर गेली की आवाजाचं वय कळतं, माणूस कळतो, असं संग्रहपाल कौतुकाने सांगत होता.

"पोर हरखली होती," धाकटी म्हणाली. "म्हणे, मावशी, मला आईचा श्वास ऐकू येईल. तिला माझा श्वास ऐकू येणार होता. एकदा आई गेलेलीच आहे तिची. परत कशी नेऊ?"

टेप कपाटात, शालीच्या घडीत होती. तिने ती आणून कात्रीच्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाली, तिला तुम्ही सांगा. तुम्हाला सवय असेल.

कात्रीने आयुष्यात शेकडो खोटी बिलं कापली होती. हे बिलही खोटंच होतं, आणि त्यावर तिचं घर, तिची परीक्षा, तिची नोकरी लागली होती. ते कापायला हात उचलेना.

"माझं काम चोर शोधायचं," ती म्हणाली. "सांगायचं काम चोराचं."

६

शनिवारी दुपारी तिघी जुन्या स्टुडिओत बसल्या. धाकटीने सगळं सांगितलं. कात्रीने दाराकडे तोंड केलं होतं, कारण तिकडून कुणी येणार नव्हतं आणि इकडे बघवत नव्हतं.

लेकीच्या लहानपणी वडील रोज रात्री उशाशी टेपरेकॉर्डर ठेवून तिला ते वाक्य लावून देत आणि ती झोपत असे. सगळं ऐकून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"बाबांना ठाऊक होतं?"

"नवरा होता तो तिचा," धाकटी म्हणाली. "त्याने पहिल्याच संध्याकाळी ओळखलं असणार. मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, पोरगी झोपते त्याने. एक प्रत दे."

लेकीने मान हलवली. म्हणाली, "म्हणजे मी आईच्या नावाने तुझंच ऐकत झोपले."

"हो."

"आणि सकाळी वेणी घालायलाही तूच."

धाकटीचा चेहरा आता कुणासारखाच नव्हता. इतकी वर्षं माणसं त्यावर येऊन गेली होती, आता तिथे कुणीच नव्हतं.

"शेपूट लाव," लेक म्हणाली.

संग्रहपालाकडून शिकलेलं कात्रीने केलं. टेप आधी उलटी गुंडाळली, मग भरलेलं चाक डावीकडे, रिकामं उजवीकडे. वाक्य वाजलं, कुणी वर पाहिलं नाही. मग कोरी टेप. तिच्यात नुसती खरखर होती, उन्हात दूर कुठे काही भाजल्यासारखी. ती संपतच नव्हती. कात्रीला वाटलं, बहुतेक एवढ्यातच ते शेपूटही झडलं असावं. तेवढ्यात खट् असा आवाज झाला आणि एक बाई बोलू लागली.

आवाज बारीक होता, जरा नाकातला, थोडा पडशाचा. 'मी'बिमी काही नव्हतं. ती म्हणाली, "...ठिकाणी ढगाळ. उद्या हवामान कोरडं राहील. बातम्या संपल्या." मग कागद गोळा केल्याचा आवाज, आणि टेपेचं टोक सुटून चाकावर फटफटत राहिलं.

"ही कोण?" लेकीने विचारलं.

तिचं तिलाच कळायला थोडा वेळ लागला. तिने पुढे होऊन मशीनवर हात ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात.

"परत लाव," ती म्हणाली.

त्या दुपारी ते किती वेळा लावलं, कुणी मोजलं नाही. मध्येच कधीतरी धाकटी उठून जायला निघाली, तेव्हा लेकीने न बघता तिचा हात धरला आणि खाली बसवली. क्षमा वगैरे शब्द कुणी उच्चारला नाही. लेक फक्त म्हणाली, "मावशी, तिला पडसं झालेलं दिसतंय." धाकटी म्हणाली, कायमच असायचं, स्टुडिओत गारठा फार. एवढं बोलणं झालं.

कात्रीने अहवाल लिहिला : टेप गहाळ झालेली नसून देखभालीसाठी काढण्यात आली होती. नोकरीत तिने पहिल्यांदाच एक बिल न कापता सोडलं. प्रयोगशाळेचा बेत लेकीने स्वतः रद्द केला. दालन मात्र तिने थांबवलं नाही. त्या वाक्याने बायका घराबाहेर पडल्या, ती म्हणाली, आता त्यांना परत घरी कोण पाठवणार? आणि आईने म्हटलं नसलं तरी तिच्याकरता कुणीतरी रडत म्हटलंय, हे काही कमी नाही.

सोमवारी मंत्र्यांनी कळ दाबली. "नमस्कार. आजपासून बातम्या मी सांगणार आहे." शाळेच्या मुली उभ्या राहिल्या, मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तिसऱ्या रांगेत धाकटी मान खाली घालून बसली होती आणि लेक तिच्या शेजारी टाळ्या वाजवत होती. कात्रीला सगळं ठाऊक होतं, तरी 'मी'पाशी तिच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःचा राग आला आणि काटा गेला नाही.

समारंभानंतर लेकीने हवामानाचा तेवढा तुकडा संचालकांना ऐकवला. कुणाचा ते न सांगता विचारलं, दालनाच्या कोपऱ्यात ठेवता येईल का. संचालकांनी कान देऊन ऐकलं. आवाज नाकातला आहे, ते म्हणाले, आणि लोकांना यात काय मिळणार?

लेकीने तुकडा घरी नेला. रोज रात्री ती तो ऐकते.

हवामानाचा तो अंदाज चुकला होता. थोरली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता.